वर भाडेकरू, खाली झेरॉक्सवाला आणि मधल्या स्लॅबमधून टिपूस : गळती शोधणाऱ्या पोरांचा रिव्ह्यू (5 पैकी 4)

आधी स्टार सांगून टाकतो, 5 पैकी 4. एक का कापला ते पुढं येईलच. पण ज्यांनी घर भाड्यानं दिलंय आणि पावसाळ्यात ज्यांच्या स्लॅबमधून पाणी गळायलंय त्यांनी फोडाफोडी करणाऱ्याला बोलवायच्या आधी हे वाचा, माझे साडेनऊ हजार गेलेत तुमचे वाचतील. नाव टाकत नाही कारण पोरांनीच हात जोडले, "काका नाव नका टाकू, जुलै-ऑगस्टला आम्हाला जेवायला टाइम नसतोय." दोघंच आहेत, दोघं डिप्लोमावाले, एक सिव्हिलचा एक मेकॅनिकलचा, एक जुनी मोटरसायकल आणि मागं रबरानं बांधलेली पेटी. अशी गळती शोधून देणारी पोरं आता बरीच झालीत, चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात विचारलं की कुणाचा ना कुणाचा नंबर मिळतोच.

तर घर कोल्हापुरात राजारामपुरीत, वडलांनी 1988 ला बांधलेलं, खाली रस्त्याकडं एक गाळा आणि वर दोन बेडरूमचं घर. मी स्वतः फुलेवाडीकडं फ्लॅटमध्ये राहतो, हे दोन्ही भाड्यानं दिलंय. गाळ्यात झेरॉक्सवाला, 1994 पासून आहे, वडलांच्या वेळचा माणूस, मला अजून "बाळू" म्हणत नाही हेच उपकार. वर एक जोडपं, नवरा बँकेत, आठ महिन्यांचं बाळ, येऊन तीन महिने झालेले.

जुलैची गोष्ट. सगळं कोल्हापूर तेव्हा फुटात बोलत असतं, "आज किती?" एवढंच विचारायचं, समोरचा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतो. इशारा 39 ला, धोका 43 ला, हे इथं पहिलीतल्या पोराला पण माहीत. त्या दिवशी सकाळी 38 च्या वर गेलेलं आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का नाही यावरनं आमच्या ग्रुपवर मेसेजचा पूर आलेला, तेवढ्यात झेरॉक्सवाल्याचा फोन. "मालक, जरा येऊन जावा की. छताला ओल धरलीया आणि मशीनवर टिपूस पडायलाय." हे "मालक" त्याच्या तोंडात फक्त भांडणाच्या वेळी येतं, एरवी मी "अहो" असतो.

गेलो तर गाळ्याच्या मधोमध, पंख्याच्या हुकाजवळ, ताटाएवढा काळा डाग आणि त्यातनं टप टप. मशीन त्यानं ओढून बाजूला केलेलं, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुन्या रद्दीचे ए-फोर कागद पसरलेले. पाऊस बाहेर कोसळत होता त्यामुळं माझं सरळ गणित झालं, पाऊस आहे, जुनं घर आहे, पाणी टेरेसवरनं येतंय. एक मजला वर पूर्ण घर आहे, टेरेसचं पाणी ते घर ओलांडून खाली कसं येईल एवढा साधा विचार डोक्यात आला नाही. एका ओळखीच्याला बोलावलं, त्यानं दोन तासाची उघडीप बघून टेरेसवर वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारलं, साडेनऊ हजार घेतले. ओल्या कोब्यावर मारलेलं केमिकल धरत नाही हे डब्यावरच लिहिलेलं होतं, मी ते नंतर वाचलं. चौथ्या दिवशी त्याची साय निघावी तशी पापडं निघाली. खालचा टिपूस जसाच्या तसा.

मग गवंडी. तो आला, वर बघितलं, काठीनं दोनदा ठोकलं, "बाथरूम फोडायला लागतंय बघा. दोन्ही. नवा कोबा, नव्या फरश्या, सत्तर धरा." सत्तर म्हणजे सत्तर हजार. विचारलं कशावरनं बाथरूमच, तर म्हणाला "अहो दुसरं काय असणार?" मी गोकुळ शिरगावला फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे, वीस वर्षं झाली. कास्टिंग लीक आहे म्हणून कुणी सांगितलं तर आम्ही ते पाण्यात बुडवतो, हवेचं प्रेशर देतो आणि बुडबुडा कुठनं येतो ते बघतो, मग बोलतो. "दुसरं काय असणार" म्हणून पीस रिजेक्ट केला तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. पण स्वतःच्या घराला हा नियम लावायचं सुचलं नाही, कारण तिथं आपण मालक असतो आणि मालकाला सगळं आधीच माहीत असतं.

या सगळ्यात मी सगळ्यात वाईट काय केलं असेल तर वरच्या वहिनींना फोन करून "तुम्ही बाथरूममध्ये फार पाणी सांडताय का?" असं विचारलं. त्या एक मिनिट गप्प. मग म्हणाल्या, "काका, लहान बाळ आहे, पाणी लागणारच की." संध्याकाळी नवऱ्याचा मेसेज, इंग्रजीत, शेवटी रिगार्ड्स वगैरे. भाडेकरू इंग्रजीत लिहायला लागला की समजायचं प्रकरण तापलंय. (आणि काका मी 47 व्या वर्षी झालो हे वेगळंच.)

शेजारचे एक जण, त्यांची पण दोन घरं भाड्यानं आहेत, त्यांनी सल्ला दिला की वरचा व्हॉल्व्हच बंद कर, दोन दिवसात आपोआप सरळ येतील. नशीब माझा शाळेतला मित्र वकील आहे, त्याला रात्री फोन केला. तो म्हणाला असलं काही केलंस तर माझ्याकडं येऊ नकोस, भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं मालकाला चालत नाही, भाडे नियंत्रण कायद्यात त्याला शिक्षा आहे. वर त्यानं मला घाबरवायला अजून एक सांगितलं. 1999 च्या त्या कायद्यात घर राहण्या-वापरण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकाचीच. खालच्या गाळेवाल्यानं पंधरा दिवसांची नोटीस दिली आणि मी ढिम्म बसलो तर तो स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातनं कापून घेऊ शकतो, फक्त एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. माझा गाळा 9 हजारानं, म्हणजे 27 हजारापर्यंत. "तुझा झेरॉक्सवाला सज्जन आहे म्हणून वाचलायस," म्हणाला. खरं आहे. त्याच्याकडं रोज कोर्टाच्या कागदांच्या झेरॉक्सा होतात, नोटीस कशी लिहितात हे त्याला माझ्या मित्रापेक्षा चांगलं माहीत असणार.

इन्शुरन्सचं पण इथंच सांगतो, कारण मला वाटलेलं ते तरी कामाला येईल. माझं पुराशी जुनं वैर आहे. 2017 ला व्हीनस कॉर्नरच्या बाजूला एक गाळा घेतला, इन्व्हेस्टमेंट म्हणून, सगळे म्हणत होते मोक्याची जागा. ऑगस्ट 2019 ला बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा त्या गाळ्याचं शटरसुद्धा दिसत नव्हतं. हायवे बंद, शहरभर पाणी आणि नळाला पाणी नाही कारण उपसा केंद्रंच बुडालेली, आम्ही टँकरमागं कळश्या घेऊन पळतोय असले ते दिवस. भाडेकरू गेला, गाळा सहा महिने रिकामा, नवा भाडेकरू आला तर 2021 ला परत पाणी. 2022 ला पडत्या भावात विकला. तेव्हापासनं राजारामपुरीतल्या वरच्या घराला "भारत गृह रक्षा" पॉलिसी घेतलीय, 2021 पासनं सगळ्या कंपन्यांकडं ही एकाच साच्यातली मिळते. पूर, आग आहेच, शिवाय टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान आणि घर राहण्याजोगं नसलं तर बुडालेलं भाडं पण त्यात येतं. मी आनंदानं एजंटला फोन केला. तो म्हणाला, काका (हा पण!), पाइप अचानक फुटला तर क्लेम, दिवसादिवसानं झिरपून ओल आली तर ती झीज, ती मेंटेनन्समध्ये जाते, त्याला कोण पैसे देणार नाही. पॉलिसी उघडून वाचली, बरोबर सांगत होता. तुमची असेल तर आज रात्री काढून वाचा, गळायला लागल्यावर वाचू नका.

तर असं सगळं करून झाल्यावर फौंड्रीतल्याच एकानं या पोरांचा नंबर दिला. फोनवर पहिला प्रश्न, "पाणी कधी गळतंय?" म्हटलं सतत. "सतत म्हणजे? रात्री तीनला बघितलाय?" नव्हता बघितला. "मग चार दिवस लिहून ठेवा, गळायला कधी लागलं, थांबलं कधी आणि त्या वेळी पाऊस होता का नाही. त्याच्याशिवाय आम्ही येत नाही." मला राग आला, गिऱ्हाईक मी आणि होमवर्क पण मलाच. पण झेरॉक्सवाल्याला सांगितलं तर त्यानं ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. फसलेल्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूला पट्टीनं रकाने आखले आणि निळ्या पेनानं नोंदी. "सोम. 8.40 सुरू, जोरात. 9.30 कमी. 10.15 बंद. पाऊस नाही." "मंगळ. 8.50 सुरू. पाऊस बारीक." आणि मग बुधवार, ती एकच ओळ माझ्या डोक्यात बसलीय : "बुध. दिवसभर धो धो. एक टिपूस नाही."

पोरं आली ती ही चिठ्ठी हातात घेऊन उभ्या उभ्या दोन मिनिटं वाचत बसली. मेकॅनिकलवाल्यानं विचारलं, "बुधवारी वरची माणसं घरात होती?" नव्हती, गडहिंग्लजला माहेरी गेलेली. झालं, पाऊस निर्दोष सुटला, टेरेस निर्दोष सुटला आणि माझे साडेनऊ हजार गेले ते गेले. अजून पेटी उघडलेली नव्हती हां त्यांनी.

दुसरं काम त्यांनी केलं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं. मेन स्विचपाशी जाऊन पंख्याची एमसीबी खाली पाडली. पाणी पंख्याच्या हुकाजवळ पडत होतं म्हणजे वायरिंगच्या पाइपातनं येत असणार, आणि आम्ही दोन आठवडे तो पंखा फुल स्पीडला लावून डाग वाळवत होतो.

मग पेटी उघडली. त्यात थर्मल कॅमेरा होता, व्हिडिओत दाखवतात तसला, भिंत निळी-लाल दिसते. खरं सांगतो, जुलैत त्याचा उपयोग शून्य. तो पाणी दाखवत नाही, गार-गरम दाखवतो, आणि कोल्हापुरात जुलैत सगळ्याच भिंती गार आणि ओल्या. पोरानं पण कबूल केलं, "काका, हे गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून." दोन सुयांचा ओल मोजायचा मीटर मात्र त्यांनी बरोबर वापरला, आणि जिथं लोणा आलेला तिथला आकडा धरला नाही, कारण क्षारामुळं मीटर जास्त दाखवतो. हे ऐकल्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला. जो माणूस स्वतःच्या मशीनची खोटी बाजू सांगतो तो इन्स्पेक्शनवाला बरा असतो.

वर गेलो. वहिनींनी दार उघडलं, चेहरा इंग्रजी मेसेजसारखाच. पोरांनी बाथरूमचे नळ, गीझर सगळं बंद करून लाइनला हातपंप जोडला आणि 5 किलो प्रेशर चढवलं. अर्धा तास काटा बघत बसलो आम्ही तिघं, मला फौंड्रीत असल्यासारखं वाटलं, एकदम घरगुती. काटा हलला नाही. गरम-गार दोन्ही लाइन ओके. मग दोन्ही बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या तोंडाला, बोळे ठोकून दोन बोटं पाणी साठवून ठेवलं, 24 तास. घरातल्यांनी अंघोळी कुठं केल्या मला माहीत नाही, विचारायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच, खाली टिपूस नाही. म्हणजे गवंड्याच्या सत्तर हजारातला एक रुपया पण कामाला आला नसता. दोन्ही बाथरूम नवी कोरी झाली असती आणि खाली झेरॉक्सवर टिपूस चालूच.

मग सिव्हिलवाला घरभर फिरला आणि मागच्या गॅलरीत थांबला. तिथं वॉशिंग मशीन. "वहिनी, हे कधी लावता?" रोज सकाळी साडेआठला, बाळाच्या लंगोटांसाठी. रविवारी? रविवारी उशिरा, साडेअकरा. चिठ्ठी काढली, रविवारची नोंद : "11.45 सुरू." वहिनींनी ती चिठ्ठी माझ्या हातातनं घेतली, वाचली आणि पहिल्यांदा जरा हसल्या, "माझं सगळं टाइमटेबलच लिहिलंय की खालच्या काकांनी."

मशीनमध्ये पाणी भरून त्यात हिरवा खायचा रंग टाकला आणि ड्रेन लावलं. आम्ही सगळे खाली. झेरॉक्सवाल्यानं मुद्दाम कोरे कागद पसरले, चांगले 75 जीएसएमचे, रद्दी नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मधे एक पोरगी आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आली तिला थांबवून ठेवलं, ती पण वर बघत उभी. बावीस मिनिटांनी पंख्याच्या हुकाला एक थेंब धरला, लोंबला आणि पडला. पांढऱ्या कागदावर पोपटी डाग. झेरॉक्सवाला एवढंच म्हणाला, "आयला, सापडलं की." गॅलरीपासनं हुकापर्यंत सात-आठ फूट अंतर आहे, पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातनं आडवं चालत आलेलं. जिथं गळतंय तिथं वर फोडायचं नसतं हे मला या वयात कळलं.

फोडलं ते फक्त दोन बाय दोन फूट. आणि आत काय निघालं तर बिडाचा नहाणी ट्रॅप, 88 सालचा, आणि त्याच्या तोंडात घुसवलेला पीव्हीसी पाइप, सांधा सिमेंटनं लिंपलेला. प्लास्टिकला सिमेंट धरत नाही, थोड्या दिवसात केसाएवढी फट पडतेच. पोरानं विचारलं, "हा जोड कुणी मारला हो?" मी गप्प बसलो. 2016 ला बाहेरचा डाऊन टेकचा, म्हणजे सांडपाणी खाली नेणारा, पाइप बदलला तेव्हा सगळ्यात स्वस्त प्लंबर मीच शोधून आणलेला, आठशे रुपये मजुरी, आणि त्यातले शंभर मी घासाघीस करून कमी केलेले. आठ तास बिडाच्या कास्टिंगची लीक टेस्ट करणारा माणूस, आणि त्याच्या घरात बिडाचाच सांधा गळतोय. आधीच्या भाडेकरूंकडं मशीन नव्हतं, बादलीचं पाणी सावकाश जायचं म्हणून इतकी वर्षं लपून राहिलं. मशीन एकदम चाळीस-पन्नास लिटर फेकतं, पुढं पाइपात साडीचे दोरे आणि कपड्यांच्या सुताचा बोळा अडकलेला, मग ट्रॅप तुंबायचा आणि फटीतनं पाणी स्लॅबमध्ये.

नवा पीव्हीसी ट्रॅप, भोवती नॉन-श्रिंक ग्राउट (वाळताना आकसत नाही असला मसाला), वर कोटिंगचे दोन हात एक उभा एक आडवा, मग कोबा, फरशी आणि परत 48 तास पाणी साठवून टेस्ट. तपासणीचे 3 हजार आणि दुरुस्तीचे साडेतेरा, सगळे मिळून साडेसोळा हजार. पक्कं बिल दिलं, त्यावर काय वापरलं ते ओळीनं लिहिलेलं, आणि फोडायच्या आधीचे-नंतरचे फोटो.

आता एक स्टार का कापला. फरशी वेगळी लागली. जुनी मिळणार नाही हे मान्य, पण निदान रंगाच्या जवळपासची आणायची, ही मधोमध पांढरीफटक, जेवताना शर्टावर दही सांडल्यासारखी दिसते. राडारोड्याची तीन पोती जिन्यात चार दिवस पडून होती, बाळाला घेऊन वहिनी त्यावरनं उड्या मारून ये-जा करत होत्या, मी फोन केला की "आत्ता उचलतो काका." आणि शुक्रवारी काम अर्धवट ठेवून मजूर गायब. फोन लावला तर मागं पी ढबाक वाद्यं वाजतायत, गल्लीची त्र्यंबोली देवीची यात्रा, नदीचं नवं पाणी देवीला आणि दुपारी मटण. त्याला मी काय बोलणार, आषाढात शुक्रवारी काम ठेवणाऱ्याचीच चूक, पण आधी सांगायचं तरी. शिवाय जाता जाता पूर्ण टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन हातात ठेवलं. अरे टेरेस निर्दोष आहे हे तुम्हीच सांगितलंत ना.

पैशाचं म्हणाल तर दुरुस्ती पूर्ण माझ्या खिशातनं, सांधा माझा, चूक माझी. वरच्यांना एक पैसा मागितला नाही आणि "सांडताय का" बद्दल सॉरी म्हणालो, मराठीत, समोर जाऊन. झेरॉक्स मशीनचं अवघड होतं. आत पाणी जाऊन एक बोर्ड गेलेला, 6,400 चा खर्च. मशीन त्याचं, माझ्या पॉलिसीत ते येत नाही, त्याचा स्वतःचा इन्शुरन्स नाही. तो काही मागतच नव्हता, आणि तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस काही मागत नाही तेव्हा जास्त अवघड होतं. शेवटी अर्धे मी दिले, म्हणजे 3,200 पुढच्या महिन्याच्या भाड्यातनं कमी केले, आणि पावतीवर तसं लिहिलं, कशापोटी कमी केले ते. तोंडी सवलत दिली की वर्षानं तेच भाडं होऊन बसतं, हा वडलांचा धडा.

काही जणांनी विचारलं हा खर्च टॅक्समध्ये दाखवता येतो का. भाड्याच्या उत्पन्नात घरफाळा भरलेला वजा होतो आणि मग सरसकट 30 टक्के वजावट मिळते, तुम्ही दुरुस्तीला शून्य घातले तरी तेवढीच आणि लाख घातले तरी तेवढीच. त्यामुळं बिल टॅक्ससाठी नाही, भांडणासाठी जपून ठेवायचं. मी आता ते 30 टक्के खर्च झालेच असं धरून चालतो, दर महिन्याच्या भाड्यातनं थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो, बायको त्या खात्याला "गळकं खातं" म्हणते.

वरच्यांचा 11 महिन्यांचा करार संपला तेव्हा नवा केला, घरी येऊन अंगठे घेऊन ऑनलाइन रजिस्टर करून देतात तो. रजिस्ट्रेशनचे हजार रुपये आणि एकूण भाड्यावर पाव टक्का स्टॅम्प, डिपॉझिटचा थोडा वेगळा. एवढ्यासाठी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून बसणारे अजून भेटतात, त्यांना माझा वकील मित्र सांगतो की करार लेखी आणि रजिस्टर नसला तर जबाबदारी मालकाची आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी आधी खऱ्या धरल्या जातात. या वेळी दोन ओळी जास्त टाकल्या : ट्रॅपची जाळी महिन्याला साफ करणं भाडेकरूकडं, आणि गळती दिसली तर त्याच दिवशी फोटो पाठवायचा. दुसरी अट वहिनींनीच घालायला लावली, आणि खाली अजून एक, की मालकानं फोन करून आरोप करण्याआधी येऊन बघायचं. ती करारात नाही टाकली, पण टाइप करणारा पोरगा लई हसला.

खालचा डाग वाळला, लोणा खरवडून काढला, गिलावा करून चुना मारला. पंखा सुरू आहे. चिठ्ठी झेरॉक्सवाल्यानं लॅमिनेट करून काउंटरच्या मागं लावलीय, गिऱ्हाइकांना गोष्ट सांगतो, माझ्या साडेनऊ हजारासकट. मशीन मात्र अजून जुन्या जागेवर नेलेलं नाही, भिंतीकडंच आहे. म्हटलं आता ओढा की मधे, गळत नाही. तर वर बघत म्हणाला, "एक पावसाळा बघू की अहो."